विभाजक शोधणाऱ्या टूलचे दस्तऐवजीकरण: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विभाजक शोधण्याचे टूल चालू स्थितीत आहे. आजपासून त्याचे दस्तऐवजीकरण हाती घेतले. टूलचे काम थोडक्यात सांगता येते: त्याला एक पूर्णांक द्यावा आणि त्या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या सर्व धन पूर्णांकांची चढत्या क्रमाने यादी घ्यावी. मात्र हे टूल माणसाच्या हाती थेट पडणार नाही. ते एआय एजंट वापरणार आहेत. म्हणजे एखादे भाषिक मॉडेल कामाच्या ओघात स्वतः ठरवणार की येथे विभाजकांची गरज आहे, त्यानुसार टूलला संख्या पाठवणार, आलेले उत्तर वाचणार आणि त्यावर पुढचा विचार उभा करणार.

मॉडेलला हे काम स्वतः का करू देऊ नये, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला होता. भाषिक मॉडेल संख्या सलग वाचत नाही, ती टोकनांच्या तुकड्यांत वाचते. ३६० सारख्या संख्येचे विभाजक त्याने प्रशिक्षणात असंख्य वेळा पाहिलेले असतात, त्यामुळे तेथे उत्तर सहसा बरोबर येते. पण बारा-पंधरा अंकी संख्या आली की ते असे अवयव लिहून जाते, जे दिसायला अगदी खरे वाटतात आणि गुणून पाहिले तर मूळ संख्या येत नाही. गुणून पाहण्याची तसदी वाचणारा घेईलच असे नाही, म्हणून हे टूल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याच्या प्रमाणित नियमांच्या, पद्धतीने आम्ही टूल जोडले आहे. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (इनपुट कोणत्या प्रकारचे व स्वरूपाचे हवे याचा आराखडा) असतो, आणि मॉडेलला टूलविषयी जे काही कळते ते एवढ्यातूनच. कोड उघडून पाहण्याची किंवा शेजारच्या सहकाऱ्याला विचारण्याची सोय त्याला नाही. आमचे सध्याचे वर्णन असे आहे: ‘दिलेल्या संख्येचे भाजक शोधते.’ चार शब्दांच्या या वर्णनात किती प्रश्न अनुत्तरित आहेत हे मोजायला घेतले आणि पहिला प्रश्न थेट ‘भाजक’ या शब्दापाशीच उभा राहिला.

९ जानेवारी

दोन दिवस शब्दांवरच गेले, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही.

शाळेत आपण शिकतो की भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. या मांडणीत १७ ला ५ ने भागताना ५ हा भाजकच असतो, बाकी २ उरली तरीही. तेथे ‘भाजक’ हे भागाकारातील एका स्थानाचे नाव आहे. निःशेष भाग जातो की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ‘विभाजक’ हा शब्द मात्र निःशेष भाग देणाऱ्या संख्येसाठीच राखलेला आहे, आणि ५ हा १७ चा विभाजक नाही. बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास अदलाबदल करतो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. टूलच्या वर्णनात तेवढाही धोका का पत्करावा? सगळीकडे ‘विभाजक’ केले.

‘अवयव’ हा तिसरा शब्दही तपासला. विभाजकाच्या अर्थाने तो पूर्णपणे योग्य आहे, परंतु ‘१२ चे अवयव पाडा’ म्हटले की कोणी २ × २ × ३ लिहील, तर कोणी १, २, ३, ४, ६, १२ अशी यादी देईल. आमच्या टूलच्या उत्तरात मूळ अवयवांची मांडणी आणि विभाजकांची यादी अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पहिलीला नेहमी ‘मूळ अवयव’ आणि दुसरीला ‘विभाजक’ असेच म्हणायचे ठरवले. एजंटसाठी लिहिताना एका गोष्टीला एकच नाव हवे. निबंधात पुनरुक्ती टाळण्यासाठी समानार्थी शब्द वापरणे चांगले असते. येथे प्रत्येक समानार्थी शब्द ही नवी शंका असते.

सर्वांत अवघड भाग स्वतः त्या संख्येचा. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४ आणि २८. परिपूर्ण संख्येच्या व्याख्येत मात्र शेवटचा २८ सोडून बेरीज करतात आणि ती २८ येते. तो धरला तर बेरीज ५६ होते आणि एजंट ‘२८ ही परिपूर्ण संख्या नाही’ असे ठामपणे लिहून मोकळा होतो. शिवाय ‘उचित विभाजक’ म्हणताना काही लेखक फक्त ती संख्या वगळतात, तर काही १ सुद्धा वगळतात. म्हणून वर्णनात कोणतेही पारिभाषिक विशेषण न वापरता सरळ लिहिले: ‘यादीत १ आणि ती संख्या स्वतः, या दोहोंचा समावेश असतो.’ वगळण्याचा पर्याय वेगळ्या पॅरामीटरने दिला आणि त्याचे नावही ‘स्वतःला वगळा’ असेच ठेवले.

१२ जानेवारी

शून्य, एक आणि ऋण संख्या.

एकाचा विभाजक एकच, १. येथे वाद नाही. ऋण संख्येसाठी तिच्या केवलमूल्याचे धन विभाजक द्यायचे आणि उत्तरात तसे नोंदवायचे, हेही लवकर ठरले.

शून्यावर मात्र मतभेद झाला. आधीचा कोड शून्यासाठी रिकामी यादी परत करत असे. सहकाऱ्याचे म्हणणे होते की त्यात बिघडले काय. टूल निदान बंद तर पडत नाही. माझे म्हणणे असे की रिकामी यादी हे एक विधान आहे. ती ‘शून्याला एकही विभाजक नाही’ असे सांगते, आणि वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे: शून्येतर प्रत्येक पूर्णांक शून्याला निःशेष भागतो, म्हणजे विभाजक अनंत आहेत. माणूस रिकामी यादी पाहून थबकेल, आपले काही चुकले का असे स्वतःला विचारेल. एजंट ती यादी उत्तर म्हणून घेईल आणि पुढे जाईल. शेवटी शून्यासाठी कारणासह एरर द्यायचे ठरले.

१५ जानेवारी

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकवणारी घटना आज घडली.

चाचणीत एजंटला ९००७१९९२५४७४०९९३ या संख्येचे विभाजक विचारले. टूलने ५४ विभाजक परत केले: १, २, ४, ८, १६ आणि असेच पुढे, सगळे २ चे घात. एजंटने त्यावरून लिहिले की ही संख्या २ चा ५३ वा घात आहे. ज्या संख्येच्या एकक स्थानी ३ आहे, जी उघडउघड विषम आहे, तिला २ ने भाग जातो असे उत्तर आमच्या टूलने दिले आणि एजंटने ते आत्मविश्वासाने पुढे नेले.

शोध घेतल्यावर कळले की विभाजक काढण्याच्या कोडमध्ये तसूभरही चूक नव्हती. स्कीमामध्ये संख्येचा प्रकार ‘नंबर’ असा होता. एजंट आणि टूल यांच्यामध्ये जो थर होता, तो प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात, म्हणजे दशांश संख्यांसाठीच्या ठरावीक अचूकतेच्या स्वरूपात, ठेवत होता. या स्वरूपात पूर्णांकाच्या अचूकतेसाठी ५३ बिट मिळतात. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, येथपर्यंतचे सर्व पूर्णांक जसेच्या तसे राहतात आणि लगेच पुढचा पूर्णांक ठेवताच येत नाही. तो जवळच्या संख्येवर आणला जातो. आम्ही दिलेली संख्या नेमकी तीच होती आणि ती वाटेत एकाने कमी झाली. टूलपर्यंत जे पोचले त्याचे विभाजक टूलने अचूक काढले. जेसनचे, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवताना वापरतात त्या मजकुरी स्वरूपाचे, प्रमाण ठरवणाऱ्या आरएफसी ८२५९ या दस्तऐवजामध्येही या मर्यादेचा इशारा दिलेला आहे. तो मी पूर्वी वाचला होता आणि तरीही स्कीमा लिहिताना तो माझ्या ध्यानात आला नाही.

इतर बहुतेक कामांत सोळाव्या अंकातील एकाचा फरक कोणाच्या नजरेलाही येत नाही. अंतर मोजताना किंवा सरासरी काढताना तो खुशाल विसरता येतो. विभाज्यतेत मात्र शेजारच्या दोन संख्यांमध्ये काहीच सामाईक नसते, अगदी शब्दशः: लागोपाठच्या दोन पूर्णांकांचा मसावि नेहमी १ असतो. म्हणजे संख्या एकाने जरी चुकली, तरी आलेल्या यादीतला १ सोडून प्रत्येक विभाजक चुकीचा ठरतो. थोडेसे चुकणे हा प्रकार येथे नाहीच.

याच ठिकाणच्या तीन शेजारी संख्या आता कायमच्या चाचण्यांत घातल्या आहेत. ९००७१९९२५४७४०९९१ चे मूळ अवयव ६३६१, ६९४३१ आणि २०३९४४०१, विभाजक ८. तिच्या पुढची संख्या २ चा ५३ वा घात, विभाजक ५४. तिच्याही पुढची, म्हणजे आज चुकलेली, ३ × १०७ × २८०५९८१०७६२४३३; विभाजक पुन्हा ८.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. संख्या आता स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे अंकांचा मजकूर म्हणून, स्वीकारली जाते, आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला टूल ‘मिळालेली संख्या’ अंकांनिशी परत लिहिते, जेणेकरून वाटेत काही बदलले असेल तर एजंटला ते ताडून पाहता यावे.

१६ जानेवारी

स्ट्रिंग स्वीकारायचे ठरताच नवे प्रश्न आले. ‘१,००,०००’ असे स्वल्पविराम असलेले इनपुट, घातरूपात संक्षिप्त लिहिलेले इनपुट, आणि देवनागरी अंक. शेवटचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटला. पायथॉनचे पूर्णांक रूपांतर ‘३६०’ ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग विनातक्रार स्वीकारते. जावास्क्रिप्टमध्ये तेच रूपांतर अपयशी ठरते. म्हणजे मराठीत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळणार की नाही, हे आतला थर कोणत्या भाषेत लिहिला आहे यावर अवलंबून राहिले असते. आम्ही देवनागरी अंक स्वीकारून त्यांचे रूपांतर स्पष्टपणे स्वतःच करायचे ठरवले. स्वल्पविराम आणि घातरूप मात्र नाकारायचे. ‘सर्व अंक सलग लिहावेत’ एवढे एक वाक्य वर्णनात पुरेसे आहे.

२१ जानेवारी

उत्तराच्या आकाराचा विचार. आमची मर्यादा १० चा १८ वा घात आहे. या मर्यादेत सर्वाधिक विभाजक असणारी संख्या ८९७६१२४८४७८६६१७६०० असून तिला १०३६८० विभाजक आहेत. विभाजक जोड्यांनी येतात आणि जोडीचा गुणाकार मूळ संख्येइतका असतो, त्यामुळे एका विभाजकाची सरासरी लांबी नऊ-दहा अंकांची भरते. स्वल्पविराम धरून ही यादी दहा लाख अक्षरांच्या पुढे जाते. एवढी यादी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकते त्या मजकुरात, ओतली, तर मूळ प्रश्न तिच्याखाली गाडला जाईल.

आधीच्या आवृत्तीत यादी २०० विभाजकांनंतर गुपचूप तोडली जात होती. याहून वाईट पर्याय मला सुचत नाही. तोडलेली यादी पूर्ण यादीसारखीच दिसते. एजंट तिची बेरीज करतो, तिच्यातल्या शेवटच्या आकड्याला सर्वांत मोठा विभाजक समजतो, आणि त्याच्याजवळ शंका घेण्याचे काहीही कारण नसते.

आता विभाजकांची एकूण संख्या, त्यांची बेरीज आणि मूळ अवयव हे तिन्ही नेहमी पूर्ण दिले जातात. ते यादीशिवायही काढता येतात: ३६० म्हणजे २ चा घन, ३ चा वर्ग आणि ५ यांचा गुणाकार, म्हणून प्रत्येक घातांकात १ मिळवून विभाजक ४ × ३ × २ म्हणजे २४, आणि बेरीज (१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ५), म्हणजे १५ × १३ × ६ म्हणजे ११७०. यादी तुकड्यांत मिळते. ‘यादी अपूर्ण आहे’ हे विधान यादीच्या आधी येते, कारण मॉडेल वरून खाली वाचत जाते आणि दोनशे आकड्यांनंतरच्या तळटीपेला तितके वजन मिळेल याची खात्री देता येत नाही.

२४ जानेवारी

अल्गोरिदमविषयी किती लिहावे? एजंटसाठी जवळजवळ काहीच नाही. टूलचे उत्तर निश्चित असते, संभाव्य नसते. टूल काहीही बदलत नाही आणि तेच इनपुट पुन्हा दिल्यास तेच उत्तर येते, एवढे पुरे.

देखभाल करणाऱ्या माणसांसाठी वेगळे पान केले. वर्गमुळापर्यंत एकेका संख्येने भागून पाहण्याची पद्धत सोपी आहे, पण १० च्या १८ व्या घाताजवळ तिला एक अब्जापर्यंत भागाकार करावे लागू शकतात. म्हणून लहान मूळ संख्यांनी आधी भागून घेतल्यावर उरलेल्या भागासाठी जॉन पोलार्ड यांनी १९७५ मध्ये मांडलेली, अवयव शोधण्याची ऱ्हो पद्धत वापरली आहे. मूळ संख्येच्या कसोटीसाठी मिलर-राबिन चाचणी आहे. ती सर्वसाधारणपणे संभाव्यतेवर आधारलेली मानली जाते, परंतु २ ते ३७ या पहिल्या बारा मूळ संख्या आधार म्हणून (ज्यांचे घात घेऊन चाचणी करतात त्या संख्या म्हणून) घेतल्या, तर ६४ बिटांच्या सर्व संख्यांसाठी तिचे उत्तर सिद्ध झालेले आहे. वरचा ‘निश्चित’ हा शब्द या वाक्याच्या आधारावर उभा आहे, म्हणून हे वाक्य त्या पानावरून कोणी काढू नये अशी सूचनाही लिहिली. मूळ संख्या ओळखण्याची फर्माची साधी कसोटी का नाही, यासाठी ५६१ चे उदाहरण दिले: ती ३ × ११ × १७ आहे आणि तरीही तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक आधारावर ती त्या कसोटीत मूळ संख्या म्हणून खपून जाते.

२८ जानेवारी

एरर मेसेज. सध्याचा मेसेज ‘अवैध इनपुट’ असा होता. तो वाचून एजंटने एकदा तेच इनपुट पुन्हा पाठवले, एकदा संख्या पूर्णांकित करून छोटी केली, आणि एकदा टूल सोडून देऊन स्वतःच अवयव लिहिले. तिन्ही प्रतिक्रिया मला स्वाभाविक वाटतात, कारण मेसेजने त्याला काय करावे हे सांगितलेच नव्हते.

नव्या मेसेजचा नमुना २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येवर तयार केला. ती १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २१ अंकी आणि आमच्या मर्यादेबाहेरची. फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये तिचे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ असल्याचे दाखवले. मेसेज असा: ‘ही संख्या १० च्या १८ व्या घातापेक्षा मोठी आहे, म्हणून विभाजक काढले नाहीत. संख्या छोटी करून किंवा तिचे तुकडे करून पाठवू नये, कारण त्यांचे विभाजक वेगळे असतात. मर्यादा ओलांडली असल्याचे वापरकर्त्याला सांगावे.’ हा मेसेज प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर म्हणून न पाठवता टूलच्या निकालातच एररच्या खुणेसह द्यायचा, म्हणजे तो मॉडेलच्या वाचनात नक्की येतो.

२ फेब्रुवारी

उदाहरणे तपासली. मसुद्यातील ३६० चे विभाजक मी हाताने लिहिले होते आणि त्यात ४५ राहून गेला होता. जोड्या लावताना ८ एकटा पडला तेव्हा ते लक्षात आले. आता दस्तऐवजातील प्रत्येक उदाहरण प्रत्यक्ष टूलमधून काढले जाते आणि कोड बदलला की पुन्हा ताडून पाहिले जाते.

हाताने केलेल्या याद्यांविषयी आणखी एक उदाहरण मुद्दाम घेतले. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ मधील आपल्या प्रबंधात, स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांचा कोष्टकासह अभ्यास मांडला. त्या कोष्टकात २९३३१८६२५६०० ही एक संख्या सुटलेली आहे. तिचे ५०४० विभाजक आहेत. रामानुजन यांच्यासारख्या गणितज्ञाच्या नजरेतून जी सुटली, ती संख्या आमच्या चाचण्यांत असावी असे मला मनापासून वाटले. यादीचे तुकडे नीट जुळतात का, हे तपासण्यासाठीही ती फार उपयोगी आहे.

५ फेब्रुवारी

हे टूल कधी वापरू नये, हेही लिहिणे भाग पडले. दोन संख्यांचा मसावि विचारल्यावर एजंटने दोन्ही संख्यांचे विभाजक मागवले आणि दोन याद्यांमधील सामाईक संख्या शोधू लागला. व्याख्येनुसार हे बरोबर आहे, आणि युक्लिडच्या पद्धतीने काही भागाकारांत जे होते त्यासाठी हा फार लांबचा रस्ता आहे. याद्या अपूर्ण असल्या तर खरा मसावि पहिल्या तुकड्यात नसण्याचीही शक्यता असते. ‘अमुक संख्येला ७ ने भाग जातो का’ या प्रश्नाचेही तेच; तेथे बाकी पाहणे पुरते.

९ फेब्रुवारी

अंतिम वर्णन निश्चित झाले:

‘एका पूर्णांकाचे सर्व धन विभाजक, म्हणजे त्याला निःशेष भाग देणारे धन पूर्णांक, चढत्या क्रमाने देते. यादीत १ आणि ती संख्या स्वतः, या दोहोंचा समावेश असतो. संख्या स्ट्रिंग म्हणून, सर्व अंक सलग लिहून द्यावी. शून्य चालत नाही. ऋण संख्येसाठी केवलमूल्याचे विभाजक मिळतात. कमाल मर्यादा १० चा १८ वा घात. विभाजकांची संख्या, बेरीज आणि मूळ अवयव नेहमी पूर्ण असतात. यादी मोठी असल्यास तुकड्यांत येते आणि तसे आधी सांगितले जाते. केवळ मसावि हवा असल्यास किंवा एकाच संख्येने भाग जातो का एवढेच पाहायचे असल्यास हे टूल वापरू नये.’

हे वर्णन लावून १५ जानेवारीचा प्रश्न पुन्हा विचारला. एजंटने संख्या स्ट्रिंग म्हणून पाठवली, परत आलेले अंक मूळ अंकांशी ताडले आणि आठ विभाजक दिले. १ नंतर पहिला ३. कोडच्या सुरुवातीच्या टिप्पणीत जुने चार शब्दांचे वर्णन अजून राहिले होते; तेही आज काढून त्या जागी हेच वर्णन घातले.